चाळीस तासांचा स्पॅनिश क्लास आणि ‘मला आवडतं’चा धडा

माझी विहीण थारागोथाला राहते. आपण नकाशावर झारागोझा वाचतो ते गाव, एब्रो नदीकाठचं, माद्रिद आणि बार्सेलोनाच्या साधारण मधोमध. तिला इंग्रजी येत नाही आणि मला स्पॅनिश येत नव्हतं. लग्नात आम्ही दोघी तीन दिवस एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो, गाल दुखेपर्यंत. पुढे व्हिडिओ कॉलवर लेक मध्ये बसून दुभाषाचं काम करायची. पण तिचं काम असं, की विहीणबाई हातवारे करत चार मिनिटं बोलायच्या आणि ही म्हणायची, “काही नाही गं, कशी आहेस विचारतायत.”

म्हणून जानेवारीत कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतला एक क्लास लावला. शनिवार-रविवार सकाळी 8 ते 10, दहा आठवडे, एकूण 40 तास. फी 8,500 रुपये, त्यात स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्सची वही. पातळी ए-वन, म्हणजे युरोपात भाषांसाठी ज्या सहा पायऱ्या मानतात त्यातली सर्वांत खालची. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शिकवणाऱ्या बाई भल्या आहेत, आणि माझी मुख्य तक्रार त्यांच्यापेक्षा आपल्या सगळ्यांच्याच एका जुन्या सवयीबद्दल आहे.

वर्गात आम्ही अकरा जण. सात जण आयटीतले किंवा पुढच्या शिक्षणाला जाणारे, एक चेन्नईची मुलगी, एक टाइल्सचा व्यापार करणारे गुजराती गृहस्थ (स्पेनमधलं कास्तेयोन हे टाइल्सचं मोठं केंद्र, त्यांचं तिथे जाणं-येणं), एक कॉलेजकुमार आणि एकसष्ट वर्षांची मी. बाईंना ‘मॅडम’ म्हणायचं नाही, ‘प्रोफे’ म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तिकडे विद्यार्थी शिक्षकांना असंच म्हणतात. मला ते जमायला दोन आठवडे लागले.

पहिले पाच आठवडे नाव, गाव, आकडे, घड्याळ, नातीगोती यांत गेले. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. एवढंच सांगते, की नात्यांच्या धड्यात ‘कोन्सुएग्रा’ हा शब्द आला आणि मी खुर्चीत ताठ बसले. कोन्सुएग्रा म्हणजे चक्क विहीण! इंग्रजीत या नात्याला सुटसुटीत शब्द नाही, स्पॅनिशमध्ये आहे. त्या रात्री विहीणबाईंना कॉलवर ‘ओला, कोन्सुएग्रा’ म्हटलं तर त्यांनी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारून बोलावलं आणि मला ते परत म्हणायला लावलं.

सहाव्या आठवड्यात तो धडा आला, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. आवडी आणि नावडी.

प्रोफेंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, आय लाइक कॉफी. मग ‘आय’ला गोल केला, कॉफीला गोल केला, बाण काढले. म्हणाल्या, आता सांभाळा, हा स्पॅनिशमधला सर्वांत उलटा प्रकार आहे. इथे आवडणारा माणूस कर्ता नसतो, वस्तू कर्ता असते. म्हणजे ‘कॉफी इज प्लीझिंग टू मी’ असा विचार करायचा, मग त्याचं स्पॅनिश करायचं: ‘मे गुस्ता एल काफे’. बाण इकडून तिकडे, तिकडून इकडे. आयटीतली मुलं वहीत आकृत्या काढत होती. एकाने विचारलं, “प्रोफे, हे उलटं का आहे?” त्यावर दहा मिनिटं गेली. मग सराव: आधी इंग्रजी वाक्य, मग उलटलेलं इंग्रजी वाक्य, मग स्पॅनिश. दोनातला दीड तास या उलथापालथीत गेला.

मी मात्र फळ्याकडे बघत बसले होते. उलटं काय आहे यात? ‘मे’ म्हणजे मला. ‘गुस्ता’ म्हणजे आवडते. ‘एल काफे’ म्हणजे कॉफी. मला आवडते कॉफी. आपण दुसरं काय म्हणतो? ‘मी कॉफी आवडते’ असं मराठीत म्हटलं तर समोरचा विचारील, कुणाला?

हात वर केला आणि म्हटलं, प्रोफे, हे मराठीच आहे. सगळे हसले. मग गुजराती गृहस्थ म्हणाले, “आमच्यात पण तेच, मने गमे छे.” चेन्नईची मुलगी म्हणाली, “एनक्कु पिडिक्कुम्,” आणि समजावलं, एनक्कु म्हणजे मला. कॉलेजकुमार हिंदीवाला, त्याचं ‘मुझे पसंद है’. अकरा जण, चार भाषा, आणि सगळ्यांच्या घरी आवडणाऱ्या माणसाला ‘ला’ लागलेला. प्रोफे खडू हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, “मी स्वतः हे इंग्रजी पुस्तकातून शिकले. तिथे उलटं म्हणून सांगितलंय, मग मीही उलटंच शिकवत आले. मला हे कधी सुचलंच नाही.” खरं बोलणारी शिक्षिका मला आवडते. पण दीड तास गेला तो गेलाच.

माझी तक्रार ती हीच. परकी भाषा इंग्रजीच्या खिडकीतूनच बघायची, ही सवय. घराला स्वतःचं दार आहे हे लक्षातच येत नाही.

आणि गंमत अशी, की या बाबतीत आपली मराठी स्पॅनिशपेक्षा अवघड आहे. स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू एक असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. संपलं. ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आपल्याकडे बघा: आंबा आवडतो, साखर आवडते, श्रीखंड आवडतं, आंबे आवडतात. क्रियापद त्या पदार्थाचं लिंगही बघतं आणि वचनही. हे आपण तिसऱ्या वर्षी, नाक पुसायची अक्कल यायच्या आधी शिकलो. मग दोन रूपांना काय घाबरायचं? कोणाला आवडतं, एकाला की दहांना, याच्याशी क्रियापदाचा संबंध नाही, हेही आपलंच. ‘मुलांना चॉकलेट आवडतं’ म्हणताना आपण मुलं अनेक म्हणून ‘आवडतात’ म्हणत नाही. स्पॅनिशमध्येही मुलांसाठी ‘मे’च्या जागी ‘लेस’ येतो, पण ‘गुस्ता’ तसंच राहतं. वर्गातली हुशार मुलं इंग्रजीतून विचार करत असल्यामुळे नेमकी इथे चुकत होती, लेस गुस्तान, लेस गुस्तान. मी एकदाही चुकले नाही. यात माझी हुशारी काही नाही.

क्रियांचंही तसंच. वाचायला आणि स्वयंपाक करायला आवडतं, आपण एकवचनीच म्हणतो. तिकडेही ‘मे गुस्ता लेएर इ कोसिनार’, कामं दोन पण क्रियापद एकवचनी. एवढंच, की स्पेनमध्ये त्या ‘सि’चा उच्चार दातांत जीभ धरून ‘थि’ करतात, कोथिनार. माझे खालचे दोन दात नवे आहेत, त्यामुळे ‘थ’ छान येतो.

मराठी सगळीकडे तारून नेत नाही, हेही सांगायला हवं. तीन ठिकाणी मी सपशेल आपटले.

पहिलं, ते ‘एल’ आणि ‘ला’. आपण नुसतं ‘कॉफी आवडते’ म्हणतो, तिकडे कॉफीच्या आधी ‘एल’ लावावाच लागतो. ‘मे गुस्ता काफे’ म्हटलं की प्रोफे पेन आपटायच्या. त्यात कॉफी तिकडे पुल्लिंगी, आणि दूध बाईमाणूस. 

दुसरं, उत्तर देताना. “आवडतं का?” “हो, आवडतं.” आपण ‘मला’ गाळतो. स्पॅनिशमध्ये वस्तू गाळली तर चालते, उलट गाळायचीच असते, पण ‘मे’ गाळता येत नाही. सी, मे गुस्ता. मी आठवडाभर ‘सी, गुस्ता’ म्हणत होते.

तिसरं म्हणजे माणूस दोनदा सांगायचा. ‘आ कार्मेन ले गुस्ता एल ते’, कार्मेनला तिला चहा आवडतो. वहीत याला दोन पानं खर्ची घातली आहेत आणि मुलांच्या डोक्यावरून गेलं. मला ते पटायला वेळ लागला, पण एकदा आमच्या मजल्यावरच्या काकूंचं बोलणं कानावर पडलं, “आमच्या ह्यांना ना, त्यांना कारलं फार आवडतं.” झालं. ह्यांना, त्यांना. काकू स्पॅनिश बोलत होत्या. तसंच ‘आ मी मे गुस्ता’चं. सगळे नाकं मुरडत असताना आपण म्हणतो ना, “मला बुवा आवडतं,” त्यातल्या ‘बुवा’चं काम तिकडे ‘आ मी’ करतो.

आता क्लासचं जे चांगलं आहे ते. सराव घ्यावा तर या बाईंनीच. पत्त्यांसारखी चित्रांची पानं वाटली, प्रत्येकाने एक उचलायचं, आवड किंवा नावड सांगायची, आणि शेजाऱ्याने चारपैकी एक उत्तर द्यायचं. मलाही आवडतं असेल तर ‘आ मी तांबिएन’. तो नाही म्हणाला आणि मलाही नाही, तर ‘आ मी ताम्पोको’. तो हो म्हणाला आणि मला नाही, तर ‘आ मी नो’. तो नाही म्हणाला आणि मला मात्र आवडतं, तर ‘आ मी सी’. ऐकायला सोपं आहे, पण भराभर फिरवलं की जीभ अडखळते. विशेषतः तांबिएन आणि ताम्पोको, कारण आपण दोन्हीकडे ‘मलाही’ म्हणून मोकळे होतो. माझ्या वाट्याला पान आलं ‘माद्रुगार’, भल्या पहाटे उठणे. शनिवारी सकाळी आठला बसलेल्या त्या वर्गात दहा जण ओळीने ‘नो मे गुस्ता’, ‘आ मी ताम्पोको’, ‘आ मी ताम्पोको’ म्हणत गेले, आणि शेवटी टाइल्सवाले गृहस्थ छाती काढून म्हणाले, ‘आ मी सी’. रोज पाचला उठतात म्हणे.

दुसरा एक प्रसंग प्रोफेंनी फार नजाकतीने हाताळला. कॉलेजकुमाराला सांगायचं होतं की प्रोफे, तुमचं शिकवणं, तुम्ही, सगळंच छान आहे. तो म्हणाला, ‘प्रोफे, मे गुस्तास’. बाई लाल झाल्या. अर्थ होतो, मला तू आवडतेस. आणि अगदी मराठीतल्याच अर्थाने होतो. मराठीतून विचार केला असता तर त्या पोराची जीभ उचललीच नसती. बाईंनी शांतपणे फळ्यावर ‘मे काएस बिएन’ लिहिलं, माणूस म्हणून चांगला वाटतोस असं म्हणायला हे वापर म्हणाल्या, आणि पुढचं पान उचलायला लावलं.

‘एन्कांतार’ही चांगलं शिकवलं. ‘मे एन्कांता’ म्हणजे फारच आवडतं, जीव जडलाय. त्यात ‘फार’ आधीच मुरलेलं असतं, म्हणून पुढे ‘मुचो’ जोडायचं नाही. आणि ‘गुस्तार’ मुळात लॅटिनमधल्या चाखण्याच्या क्रियापदावरून आलंय, ‘गुस्तो’ म्हणजे चवसुद्धा, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. असली माहिती वहीत नाही.

वहीबद्दल काय बोलावं. झेरॉक्सची झेरॉक्स. फळांच्या चित्रांत सफरचंद आणि कांदा यांत फरक कळत नाही. पण त्याहून मोठी उणीव मला ऑक्टोबरात थारागोथाला गेल्यावर कळली.

मी शाकाहारी. वहीच्या भरवशावर पहिल्याच जेवणाला म्हटलं, ‘नो मे गुस्ता ला कार्ने’, मला मांस आवडत नाही. विहीणबाई म्हणाल्या, अहो, तुम्ही आमचं तेर्नास्को चाखलं नाहीत म्हणून! तेर्नास्को म्हणजे तिकडचं कोवळ्या कोकराचं भाजलेलं मांस, आरागोन प्रांताचा अभिमान. त्यांची चूक नव्हती. आवडत नाही म्हटलं की यजमानीण आग्रह करणारच, आपणही करतो. आवडत नाही आणि खात नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खात नाही हे ‘गुस्तार’ने सांगताच येत नाही. ‘नो कोमो कार्ने नि पेस्कादो’, मांस-मासे खात नाही, असं सरळ म्हणायला लागतं. दुसऱ्या दिवशी ते म्हटलं. मग फरसबीची भाजी आली, हुदियास वेर्देस, दिसायला अगदी घरच्यासारखी. त्यात गुलाबी तुकडे. विचारलं तर म्हणाल्या, हे मांस कुठाय, हे तर हामोन. डुकराचं खारवलेलं मांस हे त्यांच्या लेखी आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्यासारखं, मोजण्यात येत नाही. तिसऱ्या दिवसापासून मी यादीच म्हणू लागले: नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि आतून. आतून म्हणजे ट्यूना मासा, तो सॅलडमध्ये गुपचूप बसलेला असतो. एवढी चार नावं वहीत हवी होती. पुण्यातून स्पेनला जाणाऱ्यांत शाकाहारी माणसं काय कमी असतील?

आणि ‘चालत नाही’चं काय? मराठी माणसाचं अर्धं खाणंपिणं चालण्या-न चालण्यावर. मला लसूण आवडतो, पण रात्री बाधतो. हे कसं सांगायचं, ते लेकीने सांगितलं: ‘एल आहो मे सिएन्ता माल’. लसूण मला बाधतो. पुन्हा तोच साचा! तसंच चहा प्यावासा वाटतो हे ‘मे आपेतेथे उन ते’. कंटाळा येतो हे ‘मे दा पेरेथा’. किळस येते हे ‘मे दा आस्को’. सगळीकडे आपलं ‘मला’ तिकडे ‘मे’ होऊन बसलेलं. एका शनिवारात शिकवून झालं असतं, तो दीड तास वाचला असता तर.

सर्वांत अडलं ते मात्र भूतकाळावर. तिकडे बोर्राहा नावाची एक भाजी मिळते, केसाळ देठांची, साफ करताना जीव जातो. उकडून, बटाट्याबरोबर, वरून ऑलिव्हचं तेल. फार साधी आणि फार चांगली. विहीणबाईंनी खास माझ्यासाठी केली. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘ते आ गुस्तादो?’ मला फक्त वर्तमानकाळ येत होता. म्हटलं, ‘सी, मे गुस्ता मुचो’. त्यांनी लगेच आणखी एक डाव वाढला. तोही संपवला. परत तोच प्रश्न, परत माझं तेच उत्तर, परत डाव. शेवटी जावई हसत हसत म्हणाला, आई, ‘मे आ गुस्तादो’ म्हणा, आवडलं. परत आल्यावर प्रोफेंना विचारलं, हे का नाही शिकवलं? तर म्हणे, आवडलं हे ए-टूमध्ये येतं. ए-टूची फी 9,500. आवडतं 8,500 आणि आवडलं 9,500. पुढे ‘आवडेल’चे किती पडतात, विचारायची हिंमत झाली नाही.

आणखी एक गोष्ट, ती मला वर्गात नीट कळली नव्हती. मी विहीणबाईंना अहो-जाहो करत होते, ‘आ उस्तेद ले गुस्ता…’ असं सुरू करून. विहिणीशी दुसरं कसं बोलणार? दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘तुतेआमे, मुहेर’. लेकीने सांगितलं, अगं, अरेतुरे कर म्हणतायत. स्पॅनिशमध्ये ‘अरेतुरे करणे’ असं एक अख्खं क्रियापद आहे, ‘तुतेआर’. मग मी ‘आ ती ते गुस्ता’वर आले. पण त्यांच्या नवऱ्याला अजून उस्तेदच म्हणते. व्याही आहेत शेवटी.

पाचपैकी किती? साडेतीन. सरावाचे पूर्ण गुण, वहीचे शून्य, आणि त्या दीड तासाचा अर्धा गुण कापला. प्रोफेंनी आता नव्या बॅचला धडा घेण्याआधी प्रत्येकाकडून ‘मला आवडतं’ आपापल्या भाषेत म्हणवून घ्यायचं ठरवलंय, असं त्या म्हणाल्या. तसं केलं तर तो अर्धा परत द्यायला हरकत नाही. ज्यांना फक्त परीक्षा द्यायची आहे त्यांना हा क्लास संथ वाटेल. घरात कोणी स्पॅनिश बोलणारं आलं असेल आणि चुकत-माकत बोलायची लाज वाटत नसेल, तर खुशाल लावा. पहिल्या दिवशी स्वतःची जाड वही न्या, आणि रविवारी शक्यतो रिक्षाने जा, गल्लीत भाजीवाले बसतात, गाडी लावायला जागा नसते.

जिना अरुंद आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून तळमजल्यावरच्या बॅचची चौकशी करा. ‘मे दुएलेन लास रोदियास’ म्हणालात तरी बाईंना कळेल. मला गुडघे दुखतात. गुडघे दोन, म्हणून दुएलेन.